इस्माईलना कोणती किताब?

दुपारी दोन वाजता माझं काम सुटतं. हात धुऊन, कोट अडकवून मी लॅबच्या पायऱ्या उतरते तेव्हा खाली अब्बा उभे असतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत यादी आणि चेहरा असा की उशीर मलाच झालाय. गेले दोन महिने हेच चाललंय. सकाळी साडेसहापासून मी लोकांच्या दंडाला पट्टा आवळून रक्त काढते. उपाशीपोटी आलेली माणसं किती तिरसट असतात हे ज्याला बघायचंय त्याने एक दिवस माझ्या जागेवर येऊन उभं राहावं. दोन वाजेपर्यंत अंगात एवढंच त्राण उरतं की घरी जावं, पंखा लावावा आणि आडवं व्हावं. त्याऐवजी मी स्कूटर काढते, अब्बांना मागे बसवते आणि विचारते, "आज कोण?"

अब्बा यादीवर बोट ठेवतात. "तो कोर्टातला टायपिस्ट. खिडकीखाली बसायचा. सारखी नाक ओढायची सवय."

टायपिस्ट आता पन्नाशीला आलाय, त्याला नातू झालाय. पण अब्बांच्या लेखी तो अजून सतरंजीवरच बसून नाक ओढतोय.

माझ्या वडिलांना बाहेर सगळे उस्ताद म्हणतात. मशिदीमागच्या लांबट खोलीत त्यांनी चाळीस वर्षं मुलांना धर्माचे पहिले धडे दिले. पोटासाठी ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि चार वाजता हात घासून घासून धुऊन वर्गावर यायचे. तरी नखांत शाई राहायचीच. ते काही मोठे आलिम, म्हणजे धर्मपंडित, नव्हते आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही. वाचायला शिकवायचं, नमाज शिकवायची, पैगंबरांच्या गोष्टी सांगायच्या, एवढंच. त्यांच्या हाताखालून कोणी नावाजलेला माणूसही निघाला नाही. टायरवाले, टायपिस्ट, बसचे ड्रायव्हर, शिवणकाम करणाऱ्या बायका निघाल्या.

एका धड्यावर मात्र त्यांचा विशेष जीव होता. नबी आणि रसूल यांतला फरक. अल्लाहकडून ज्यांना खबर मिळाली ते नबी, आणि संदेश देऊन ज्यांना लोकांकडे धाडलं ते रसूल. मुलं दोन्ही एकच समजतात. मुलंच कशाला, मोठेही समजतात. अब्बांनी त्यासाठी चार वाक्यं बसवली होती आणि ती वर्गाकडून ठेक्यात म्हणून घ्यायचे. नवी किताब आणि नवा कायदा घेऊन आला, तो रसूल. आधीच्याच वाटेवर लोकांना आणत राहिला, तो नबी. प्रत्येक रसूल नबी असतो. प्रत्येक नबी रसूल नसतो. तीस मुलं एका सुरात हे म्हणायची तेव्हा बाहेर नमाजाआधी वजूला हातपाय धुणारी माणसंसुद्धा ओठ हलवायची.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मीही त्या वर्गात होते. भिंतीकडे मुलींची रांग, तिच्या शेवटी मी. हजेरीत मात्र माझं नाव नव्हतं. घरच्या मुलाला हजेरी लावायची नसते, असा अब्बांचा नियम. परक्याचं मूल आलं नाही तर त्याच्या आईबापाला कळवावं लागतं, म्हणून हजेरी. माझ्याबद्दल कळवायचं ते कोणाला?

आदल्या आठवड्यात अब्बांनीच कुराणातल्या एका आयतीचा अर्थ सांगितला होता. हजरत इस्माईल दिलेल्या शब्दाला जागणारे होते, ते रसूल होते आणि नबी होते, असा. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. त्या दिवशी चार वाक्यं म्हणून झाली आणि मी हात वर केला.

"अब्बा, मग इस्माईलना कोणती किताब मिळाली?"

"वर्गात उस्ताद म्हणायचं."

"उस्ताद, इस्माईलना कोणती किताब? ते तर त्यांच्या अब्बांच्याच वाटेवर होते ना? हजरत इब्राहीमांच्या? मग ते रसूल कसे?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते आणि तिचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मग ते म्हणाले, "जास्त शहाणपणा नको. बाहेर जाऊन बस."

मी बाहेर जाऊन बसले. उंबऱ्यापाशी, सगळ्यांच्या चपलांमध्ये. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा आत जायचं की नाही ते कळेना, कारण आत ये असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून परत चपलांमध्येच बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी अम्मीला मदत करायचं निमित्त काढून घरी राहिले. कोणी विचारलं नाही. हजेरीत नावच नाही, तर गैरहजर तरी कोणाला मांडणार?

एवढ्याशा गोष्टीला काय सदतीस वर्षं धरून बसायचं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मी पुढे शिकले, रक्त काढायला लागले, लग्न केलं. नवरा गेला, तेव्हा परत याच घरात आले. अम्मी आधीच गेली होती. आता मी आणि अब्बा दोघंच. सकाळी त्यांचा चहा, गोळ्या, डबा मी करते. आमच्यात भांडण असं कधीच नव्हतं. फक्त धर्मातलं काही मी त्यांना विचारत नाही आणि ते मला सांगत नाहीत.

अडीच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की अब्बांच्या हृदयाची झडप निकामी होत आलीय, ऑपरेशन करावं लागेल. वय चौऱ्याहत्तर. जिने चढायचे नाहीत, उन्हात फिरायचं नाही, वर्ग तर घ्यायचाच नाही. मशिदीच्या लोकांनी पस्तिशीचे एक नवे उस्ताद आणले. शिकलेला, मऊ बोलणारा माणूस. त्यांच्यासोबत अब्बा वार्षिक परीक्षेचे शेवटचे पेपर तपासायला बसले आणि तिथे ते झालं.

हे मला नव्या उस्तादांनीच सांगितलं, तेही घाबरून. एका मुलीने लिहिलं होतं की जो न मानणाऱ्या लोकांकडे धाडला गेला तो रसूल, आणि जो मानणाऱ्या लोकांतच शिकवत, सावरत राहिला तो नबी. अब्बांनी त्यावर लाल रेघ मारली.

"उस्ताद, ते चूक नाही," नवे उस्ताद म्हणाले. "मीच शिकवलंय. बरेच आलिम फरक असा सांगतात."

"आणि मी सांगतो तो?"

"तोही सांगतात. पण तो सगळीकडे बसत नाही. आता बघा, हजरत इस्माईलना कोणती किताब मिळाली?"

"एवढंच बोललो हो मी," नवे उस्ताद मला म्हणाले. "त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघत बसले. मला वाटलं छातीत दुखतंय. पाणी दिलं तर तेही घेतलं नाही."

त्या संध्याकाळी अब्बा जेवले नाहीत. मला फक्त म्हणाले, "शिकवण्यात एक चूक राहून गेलीय." कोणती, ते मी विचारलं नाही. मी वाट बघत होते. मला खरंच एवढंच हवं होतं, की ऑपरेशनच्या आधी या माणसाने एकदा म्हणावं, तो प्रश्न तू विचारला होतास. बाकी काही नको. टेबलावर झोपवतील, भूल देतील, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस त्यातून उठेलच असं डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नव्हते.

अब्बांनी त्याऐवजी कपाटावरून हजेरीची गाठोडी काढली. चाळीस वर्षांची. धुळीने मला शिंका येऊन येऊन जीव नकोसा झाला. छापखान्यात एक रीत होती. पुस्तक बांधून बाहेर गेलं आणि मागाहून चूक सापडली, तर ते परत बोलावता येत नाही. मग शुद्धिपत्राची चिठ्ठी छापायची आणि जिथे जिथे प्रत गेली तिथे पोचवायची. अब्बांनी तेच करायचं ठरवलं. हजेरी बघून जे अजून स्कूटरच्या अंतरावर राहतात त्यांची यादी केली, आणि लांबच्यांचे फोन नंबर गोळा केले. मी ती यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. कसं असणार? ते हजेरीतच नव्हतं.

पहिल्या दिवशी टायरवाल्याकडे गेलो. मी आत गेले होते. त्याने हातातला पाना ठेवला, खुर्ची पुसली, थंड मागवलं. अब्बा म्हणाले, "मी तुला शिकवलं होतं, नवी किताब आणली तो रसूल. ते एक मत आहे आणि ते सगळीकडे बसत नाही. दुसरं मत असं आहे," आणि ते सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "नक्की काय ते अल्लाह जाणे. हे वाक्य शिकलेली माणसं नेहमी शेवटी म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. ते तू आता जोडून घे. आणि अजून एक..." इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुढचा शब्द तोंडातच राहिला, आणि खोकायला लागले. मला वाटलं दम लागला. मी पाठ चोळली.

टायरवाला हसला. "उस्ताद, मला तर पहिलंही आठवत नव्हतं! एवढ्यासाठी उन्हातून आलात? फोन करायचा ना."

"हसायला काय झालं?" मी म्हटलं. "त्यांना डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितलंय. तुमच्या दारात आलेत ते काही थंड प्यायला नाही."

तो बिचारा ओशाळला. बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "उद्यापासून तू गाडीपाशी थांब."

"का?"

"तू भांडतेस."

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर.

मग दोन महिने मी दारं बघितली. पत्र्याची, काचेची, जाळीची. अब्बा आत जायचे, मी स्कूटरला टेकून उभी राहायचे आणि पायातले गोळे मोजायचे. दिवसभर उभं राहून काम, वर हे उभं राहणं. काचेतून कधी दिसायचं. टायपिस्टने चष्मा काढून हातात घेतला होता. पावाच्या भट्टीवरचा मुकादम खाली मान घालून ऐकत होता, पिठाचे हात मागे बांधून. शाळेच्या बसचा ड्रायव्हर अब्बांना सोडायला दारापर्यंत आला आणि माझ्याकडे एकटक बघून त्याने कपाळाला हात लावला, सलाम केल्यासारखा. टायपिस्ट तर बाहेर येऊन विचारून गेला, "ताई, पाणी आणू का? सावलीत तरी उभ्या राहा." सगळेच असे बघायचे माझ्याकडे. मला वाटायचं, कीव करतायत. बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि ही त्याला गावभर मिरवतेय.

सगळीकडे पाणी आणि सलाम नव्हते. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा एक जण होता, जाडजूड, आवाजी. त्याचं बोलणं मला बाहेर ऐकू आलं. "वा उस्ताद! मी माझ्या तिन्ही पोरांना हेच शिकवलं. त्यातला एक परदेशात त्याच्या पोरांना शिकवतो. आता मी सगळ्यांना फोन करून सांगू की आमच्या उस्तादांना माहीत नव्हतं?"

अब्बा बाहेर आले आणि फुटपाथच्या कडेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रस्त्यावर बसलेलं बघितलं. ओठ निळसर दिसत होते. मी बाटली उघडून दिली, नाडी धरली.

"पुरे आता अब्बा," मी म्हटलं. "कोणाला काय फरक पडतो? किती जणांनी ते लक्षात ठेवलंय?"

"मला पडतो."

"का पण? एवढी काय मोठी चूक आहे? ते मतही चूक नाही म्हणाले ना नवे उस्ताद?"

"मत चूक नव्हतं," अब्बा म्हणाले. "मी ते ज्या तोऱ्यात सांगितलं ते चूक होतं." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "कयामतच्या दिवशी नबी येतील. कोणाच्या मागे मोठा जमाव असेल. कोणाच्या मागे दोन माणसं, कोणाच्या मागे एक. आणि एखाद्याच्या मागे कोणीच नसेल. आयुष्यभर सांगत राहिला आणि एकानेही ऐकलं नाही. तरी तो नबीच. मी मुलांना हे सांगायचो तेव्हा मला वाटायचं, आपण निदान त्यांचं दुःख समजू शकतो. आता वाटतं, त्यांनी सांगितलं ते खरं तरी होतं."

मला तेव्हा माझ्या त्या प्रश्नाबद्दल विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी त्यांचीच मुलगी. मी म्हटलं, "त्यांच्या मागे कोणी नसेल, पण बाहेर एखादी मुलगी स्कूटर धरून उभी असेल की."

"तोबा तोबा," अब्बा म्हणाले आणि हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. हसून परत दम लागला, तो बसेपर्यंत आम्ही तिथेच होतो, शेगडीवाल्याच्या दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात.

ऑपरेशनला चार दिवस उरले होते तेव्हा माझ्याकडे ती आली. माझ्याच वर्गातली, आता शाळांचे गणवेश शिवते, बोटाला कायम पट्टी. साखर तपासायची होती. मी पट्टा आवळला, शीर चाचपली.

"उस्ताद परवा येऊन गेले," ती म्हणाली. "तू खाली उभी होतीस. वर का नाही आलीस गं?"

"मी भांडते म्हणून बंदी आहे."

"पण तुझाच तर विषय होता."

"माझा कसला?"

"म्हणजे?" तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "ते सगळं सांगून झाल्यावर म्हणाले ना, हा प्रश्न माझ्या मुलीने नऊ वर्षांची असताना मला विचारला होता. मला उत्तर येत नव्हतं. ते मला कबूल करवेना, म्हणून मी तिला बाहेर बसवलं. तिचा प्रश्न बरोबर होता, हेही लक्षात ठेवा. माझ्या भावाकडेही हेच सांगितलं. टायपिस्टांकडेही, ते मला भेटले तेव्हा म्हणाले. तुला माहीत नाही?"

मी सुई काढली, कापूस दाबला.

"मला आठवतं गं ते," ती हळू म्हणाली. "मी तुझ्या शेजारी बसायचे. तू चपलांत बसलेली दिसायचीस. आम्ही सगळ्या जणी तुझ्याकडे बघायचंच नाही असं ठरवून बसलो होतो, हसू नाहीतर रडू येईल म्हणून."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी राग आला, असा की नळ्यांवर नावं लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं. म्हणजे टायरवाल्याकडे तो खोकला आला होता तो हा. भांडतेस म्हणून बाहेर थांब, हेही एक निमित्तच. सगळ्या गावापुढे कबुली देऊन झाली, शेगडीवाल्याच्या शिव्या खाऊन झाल्या, आणि जिला सांगायचं ती दोन महिने प्रत्येक दाराबाहेर उभी. परत बाहेरच. फक्त चपलांऐवजी स्कूटर.

त्या दुपारी मी अब्बांना गाडीवर घेतलं. शेवटची तीन नावं राहिली होती, ती केली. संध्याकाळी त्यांनी यादीची घडी घातली आणि ती हजेरीच्या गाठोड्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या होत्या. सातच्या आधीच येऊन ते रांगेत बसले, हातात टोकन घेऊन, उपाशी. माझे वडील आहेत म्हणून मधे घुसवायला गेले तर नाही म्हणाले. त्यांचा नंबर आला तेव्हा आत येऊन त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. हात वाळला आहे. नखांत शाई नाही आता, पण जिथे असायची तिथे मी अजून बघते.

"मूठ बंद करा."

त्यांनी केली. मी पट्टा बांधला. शीर सापडेना. माझ्या हाताला लॅबमध्ये नाव आहे, लहान पोरांचंही मी एका टोचण्यात काढते. त्या दिवशी मी टोचलं आणि नळीत काही आलं नाही. मी सुई काढली.

"यादी संपली," अब्बा म्हणाले.

"संपली?" मी म्हटलं. "सगळी?"

"हो."

"माझं नाव नव्हतं तिच्यात." इतक्या वर्षांनी हे माझ्या तोंडून बाहेर पडलं, तेही दुसऱ्या सुईचं पाकीट फोडताना, बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असताना. "टायपिस्टला सांगितलंत. भट्टीवाल्याला सांगितलंत. शिवणवालीला सांगितलंत, तिने मला काल सांगितलं. मला का नाही?"

अब्बांनी मूठ उघडली नव्हती. ते मुठीकडेच बघत होते.

"ती यादी चूक शिकलेल्यांची होती," ते म्हणाले. "तू कुठे चूक शिकलीस? तू तर शिकलीच नाहीस ते."

"हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं. त्यांच्यापुढे मला लाज वाटली नाही. तुझ्यापुढे वाटायची. रोज ठरवायचो, आज गाडीवर सांगू. तू पुढे बसलेली, तोंड दिसत नाही, सोपं जाईल. मग तू विचारायचीस, आज कोण, आणि मी दुसऱ्याचंच नाव घ्यायचो."

मला वाटलं होतं की हे ऐकलं की मी रडेन. रडू आलं नाही, एवढी मी दमले होते. आम्ही दोघंही एवढे दमलो होतो. मी पट्टा सोडला आणि दुसऱ्या हाताला बांधला. शीर लगेच लागली. पहिली नळी भरली, मी दुसरी लावली.

"परत विचार," अब्बा म्हणाले.

"काय?"

"तेव्हा विचारलं होतंस ते. परत विचार."

"अब्बा, बाहेर माणसं..."

"अब्बा नाही. वर्गात काय म्हणायचं?"

मी दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. माझं वय शेहेचाळीस, तोंडावर मास्क, हातात माझ्या बापाच्या रक्ताची नळी. मी विचारलं, "उस्ताद, हजरत इस्माईलना कोणती किताब मिळाली?"

"मला माहीत नाही, बेटा," अब्बा म्हणाले. "प्रश्न चांगला आहे. आत येऊन बस."

मी सुई काढली, कापूस लावला, त्यांचा हात कोपरात दुमडून दिला. मग टेबलाखालचं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. बाहेरून कोणीतरी पुढचा नंबर विचारत होतं. मी म्हटलं, थांबा जरा.